रंगाचा भाव

(प्रभादेवी, मुंबई येथे कोल्हापूरकडच्या ग्रामस्थांच्या बैठकीत केलेलं भाषण. जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी छापत आहोत.)



आम्हांला एरवी शेतीमालाच्या भावावर बोलायला बोलावतात. आज लेकरांच्या खाण्यावर बोलणार आहोत. विषय बदलला असं समजू नका. भाषण संपायच्या आत आपण गुळाच्या सौद्यात जाऊन उभे राहणार आहोत.

आमची धाकटी बहीण इथंच, सिद्धिविनायकाच्या मागच्या अंगाला चाळीत राहते. तिचा धाकटा आठ वर्षांचा. शाळेतून चिठ्ठी आली, की एका जागी बसत नाही, लिहिता लिहिता उठतो, शेजारच्याच्या खोड्या काढतो. मग घरात ज्याचं त्याचं निदान तयार. सासूबाई म्हणाल्या, लाड. नवरा म्हणाला, मोबाईल. शेजारीण म्हणाली, साखर. बहिणीनं स्वतःलाच दोष दिला, कारण ती सकाळी नऊला घर सोडते आणि साडेसातला परत येते. मधल्या वेळच्या भुकेसाठी पोराच्या हातावर दहा रुपये ठेवून जाते.

दहा रुपयांत काय येतं ते आम्ही एक संध्याकाळ त्याच्याबरोबर हिंडून पाहिलं. बोटांत घालून खायच्या पिवळ्याजर्द नळ्या. पिशवीतलं केशरी सरबत. मित्राबरोबर वाटणी केली तर लालभडक चायनीज भेळ. घरी आल्यावर त्याची जीभ जांभळी होती, म्हणजे आमची नजर चुकवून गोळाही झाला होता.

औषध फवारण्याआधी डब्यावरचं बारीक अक्षर वाचा, हे आम्ही गावोगाव सांगत फिरतो. तीच सवय पाकिटांवर चालवली. आकडे सापडले: १०२, ११०, १२२, १२४ आणि २११. पहिला टार्ट्राझिन, पिवळा. दुसरा सनसेट यलो, केशरी. मग कार्मोइसिन आणि पॉन्सो, दोन्ही लाल. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, माल टिकवण्यासाठी. यांत चोरीचं काही नाही. ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत हे सगळं आपल्या कायद्याला चालतं.

आता हे पोरांच्या वागण्याला बाधतं का? इथं आम्ही जपून बोलणार, कारण या विषयात छातीठोक बोलणारे फार झालेत. १९७३ साली अमेरिकेत बेन फाइनगोल्ड नावाच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी मांडलं, की कृत्रिम रंग आणि स्वाद बंद केले की चंचल मुलं शांत होतात. त्यांचा दावा मोठा होता. पुढं काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा तेवढा मोठा परिणाम काही दिसला नाही.

पण विषय तिथं संपला नाही. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठानं २००७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं घेतली. ही आजारी मुलं नव्हती, साधी घरोघरची होती. काही दिवस रंग आणि बेंझोएट घातलेलं पेय दिलं, काही दिवस तसंच दिसणारं पण त्यांच्याविना केलेलं. कोणतं कधी दिलं हे मुलाला, आईला, शिक्षकांना, कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगाच्या दिवसांत मुलांची चळवळ सरासरीनं थोडी वाढलेली दिसली. थोडीच, आणि प्रत्येक मुलात नाही. रंग आणि बेंझोएट एकत्र दिल्यामुळं दोष नेमका कुणाचा हेही वेगळं काढता आलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००८ मध्ये म्हटलं, की परिणाम लहान आहे आणि त्याचा अर्थ पक्का लावता येत नाही. तरीही जुलै २०१० पासून तिकडं सहा रंगांच्या पाकिटांवर, मुलांच्या हालचालीवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो, अशी ओळ छापणं सक्तीचं झालं. आम्ही वाचलेले चारही रंग त्या सहांत आहेत. कॅलिफोर्नियानं २०२४ साली कायदा केला, की २०२७ अखेरपासून सरकारी शाळांच्या खाण्यात असे सहा रंग चालणार नाहीत.

शेजारणीच्या साखरेचं मात्र खरं नव्हतं. साखरेनं पोरं उधळतात का, याच्या चाचण्यांचा एकत्र आढावा १९९५ साली प्रसिद्ध झाला. वागण्यात फरक सापडला नाही. आम्ही उसाच्या पट्ट्यातले, म्हणून वकिली करतो असं म्हणाल. दात किडतात हे आम्हांला मान्य आहे.

बहिणीनं तीन आठवडे रंगाचं खाणं बंद केलं आणि वहीत रोजचं लिहिलं. पोर जरा निवळलं असं ती म्हणते. पण त्याच दिवसांत ते रात्री अकराऐवजी साडेनऊला झोपायला लागलं होतं, आणि आई वही घेऊन रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसत होती. एकाच हंगामात बियाणंही बदललं आणि खतही बदललं, तर उतारा कशानं वाढला ते सांगता येत नाही. शेजारी खत न घातलेला वाफा ठेवावा लागतो. पोरांचे वाफे कुठून आणायचे? तेव्हा वही जरूर ठेवा, पण घरातही आणि शाळेतही महिनोन् महिने तसंच चाललं असेल तर पाकिटावर सगळं ढकलून बसू नका. परळला केईएम आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. लाज धरू नका, आणि पोराला मारू तर नकाच.

सुट्या मालाची गोष्ट वेगळी. तिथं आकडाही नाही. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन बी हे कापडाचे, कागदाचे रंग. खाण्यात त्यांना मुळीच परवानगी नाही. ऱ्होडामाइन सापडला म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूनं रंगीत म्हातारीचे केस बंद केले.

हे सगळं आम्ही बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं. मग डबा उघडून आमच्यापुढं ठेवला.

"दादा, तू गावाहून आणलास तो गूळ एवढा पिवळा कसा रे?"

गुऱ्हाळ पाहिलेला माणूस याचं उत्तर जाणतो. काहिलीत रस उकळताना मळी काढायला पूर्वीपासून रानभेंडीचा चिकट रस घालतात. त्यानं गूळ स्वच्छ होतो, पण तांबूसच राहतो. पिवळाधमक हवा तर गुळव्या हायड्रोसची पूड टाकतो. बहिणीचे सासरे खाटेवरून म्हणाले, "हायड्रोस? ते तर आमच्या गिरणीत डाईंग खात्यात यायचं." बरोबर आहे. कापड रंगवायला लागतं तेच ते.

हायड्रोसनं पोरं चंचल होतात असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं रंगाबद्दल आहे. त्याला ना चव, ना सत्त्व, ना भूक भागवायची ताकद. तो फक्त विकतो. सौद्यात अडत्या रव्याचा रंग बघतो, आणि तांबूस रव्याचा भाव तिथंच पडतो. शेतकऱ्याला पूड टाकायची हौस नाही. न टाकणाऱ्याच्या पदरात तोटा पडतो म्हणून तो टाकतो. अडत्याला विचारा, तो म्हणतो मुंबईचं गिऱ्हाईक पिवळा मागतं. मुंबईचं गिऱ्हाईक म्हणजे कोण? आज या हॉलमध्ये बसलंय तेच. आणि पुन्हा तो पिवळेपणा टिकतही नाही, ठेवणीत गूळ काळवंडतोच.

मघाशी मागच्या ओळीतल्या एका बाईंनी विचारलं, की दहा रुपयांत पोराला द्यायचं काय ते सांगा, नुसतं नको नको काय सांगता? त्यांचा राग रास्त आहे. शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा ही आमच्याकडची यादी जुनी आहे आणि पोरं तिला नाक मुरडतील, हेही माहीत आहे. बहिणीच्या पोरानं पहिले चार दिवस फुटाणे गॅलरीतून कबुतरांना घातले. पाचव्या दिवशी खाल्ले. नळ्या अजून मागतो. आठवड्यातून एकदा मिळतात.

तर मंडळाशी बोलून एक ठरवलं आहे. येत्या हंगामात दोन गुऱ्हाळांवर हायड्रोसविना गूळ निघेल. एक किलोच्या ढेपा करून आणू. रंग तांबूस असेल, प्रत्येक काहिलीचा वेगळा असेल. भाव त्या दिवशीच्या सौद्यात पिवळ्या गुळाला जो निघेल तोच, वर गाडीभाडं. तांबूस आहे म्हणून एक रुपया कमी करा असं कुणी म्हणायचं नाही. वही दारापाशी ठेवली आहे. नाव, खोली नंबर आणि किती किलो, एवढं लिहून जा.