दोष कोणता, आणि मोजला कोणी?

(पेण आणि रोहा इथल्या महिलांच्या बैठकींत केलेलं भाषण)



पेणच्या गणपती कारखान्यांत काम करणाऱ्या आणि रोह्याहून धाटावच्या वसाहतीत नोकरीला जाणाऱ्या काहीजणींनी मला विचारलं, "ताई, तुम्ही प्रयोगशाळेत नेमकं करता काय?" मी म्हटलं, दोष मोजते. त्यावर एकच हशा झाला. दोष मोजायला यंत्र कशाला, त्यातले तज्ज्ञ तर घरोघरी आहेत! म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो. बद्द वाजलं की समजायचं, कुठंतरी तडा आहे. आमचं यंत्रही असंच वाजवून बघतं, फक्त बोटाऐवजी लेझरच्या प्रकाशानं. पदार्थावर पडलेला बहुतेक प्रकाश आहे त्याच रंगाचा परततो. साधारण एक कोटीतला एखादा प्रकाशकण मात्र अणूंना कंप देऊन, रंग किंचित बदलून येतो. त्यावरून अणू एकमेकांना कसे जोडलेत ते कळतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात हा शोध लावला.

मी तपासते तो पदार्थ ग्राफीन ऑक्साइड. पेन्सिलीतल्या काळ्या कांडीत ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चळत. त्यातला एक अणू जाडीचा सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरला तो चक्क चिकटपट्टीनं वेगळा केला गेला. ग्राफाइटवर सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांची प्रक्रिया केली की पापुद्र्यांना ऑक्सिजन चिकटतो, जाळी जागोजागी मोडते. हे झालं ग्राफीन ऑक्साइड.

यंत्राच्या आलेखावर दोन शिखरं दिसतात. १५८०च्या आसपासचं 'जी' शिखर कार्बनच्या जोडणीचं. १३५०च्या आसपासचं 'डी' शिखर दोषाचं. निर्दोष ग्राफीनमध्ये ते उमटतच नाही. 'डी'ला 'जी'नं भागायचं आणि दोष किती ते सांगायचं, असा सोपा हिशेब पुष्कळजण करतात.

पण गंमत पुढेच आहे. दोष वाढतात तसा हा आकडा आधी वाढतो. ते फारच वाढले की कार्बनची षट्कोनी कडीच मोडते, आणि 'डी' शिखर त्या कड्यांच्याच कंपनाचं असल्यामुळं आकडा पुन्हा उतरतो. म्हणजे थोडे दोष आणि अतोनात दोष, दोन्हींचा आकडा सारखा येऊ शकतो. ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून ते सुधारायला घेतलं, तर पुष्कळदा आकडा वाढतो! नुसत्या आकड्यावर विसंबणारा म्हणेल, बिघडलं. शिवाय तिथं भोक आहे की ऑक्सिजन चिकटलाय, हेही तो आकडा सांगत नाही. शिखरांची रुंदी पाहावी लागते, दुसऱ्या चाचण्या कराव्या लागतात.

आणि दोष म्हणजे वाईटच का? शुद्ध ग्राफीन पाण्यात मिसळत नाही. ऑक्साइड मिसळतं, ते त्या चिकटलेल्या ऑक्सिजनमुळंच. शिशासारख्या विषारी धातूंना तेच धरून ठेवतं; म्हणून पाणी स्वच्छ करण्यासाठी त्यावर संशोधन चालू आहे. कुंडलिकेच्या काठच्या बायकांना त्याचं मोल मी काय सांगावं!

आता ज्यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते, त्यांचीच एक गोष्ट. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानं मिळवून कमला भागवत बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, मुलगी. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाला बसल्या. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला: वर्षभर नियमित विद्यार्थिनी नाही, सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षानंतर रामन यांचं समाधान झालं आणि मुलींना दार उघडलं. पुढं १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. एवढ्या बारीक दोषाचा माग काढण्याची वाट दाखवणारा शास्त्रज्ञसुद्धा बाईपणालाच दोष समजला, हे आपण विसरू नये.

तेव्हा अट होती रात्री काम करण्याची. आज आपल्या मुलींना घरातून उलटं सांगितलं जातं: रात्री थांबायचं असेल तर ती नोकरी नको. अशा यंत्रावर पाळी कधीकधी रात्रीचीच मिळते, आणि रोहा-पेणकडे येणारी गाडी मुलीच्या सोयीनं सुटत नाही. मग नोकरी सुटते आणि लोक म्हणतात, मुलींना शास्त्रात गोडी नाही. हा दोष मुलीचा की गाडीच्या वेळेचा? एका आकड्यावर निकाल देण्यातलाच हा प्रकार.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आपल्या गावातल्या ज्या मुली रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र शिकताहेत त्यांची नावं लिहून घ्या. त्यांना उशीर झाला तर स्टेशनवरून घरापर्यंत सोबत कोण करील, मुंबईत रात्रीपुरती कोणाकडे उतरता येईल, याची यादी आज इथंच करू. माझं नाव पहिलं घाला.