खाणावळवालीचा खाडा कोण भरणार?



मी काही वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. पण विषय चुलीचाच आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्या लालबाग-परळात दोन तऱ्हेचे कष्ट एकाच चाळीत नांदले. गिरणीत जाणाऱ्याला 1948 च्या कायद्याने कामगार विमा मिळाला. परळचे महात्मा गांधी रुग्णालय त्यातलेच. आज त्या योजनेत आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराचे 70 टक्के मिळतात. बाळंतिणीसाठीचा कायदा तर मुंबई इलाख्यात 1929 सालीच झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आदल्या वर्षी कौन्सिलात त्याची बाजू मांडली होती. तिकडे जर्मनीत आजाराचा विमा 1883 पासूनचा.

आता त्याच गिरणीवाल्याला दोन वेळ जेवू घालणारी घ्या. पहाटे उठून तीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, आणि तिला ना विमा, ना फंड! माझ्या सासूबाईंची खाणावळ होती. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप लागला. जेवणारे गडी हळूहळू गावी गेले, बाकी वहीतच राहिली. वाण्याचे देणे मात्र सासूबाईंच्या माथी. त्या संपावर पुस्तके झाली, सिनेमे निघाले. भाकरी थापणारीच्या वहीकडे किती जणांनी पाहिले? प्रेमाताई पुरवांनी मात्र 1975 सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना सावकाराच्या दारातून बँकेत नेले. त्यांचे उपकार मोठे.

आपल्यातही डबे देणाऱ्या, पोळ्या लाटून देणाऱ्या, मसाला करून विकणाऱ्या पुष्कळ आहेत. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये 2024 पासून येऊ लागले, बरेच झाले. पण हात भाजून महिनाभर डबे बंद पडले, तर तेवढ्यात कसे भागावे? बँकेतला वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा जरूर घ्या. मात्र तो मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वालाच लागू. 2015 ची अटल पेन्शन आहे, पण तिच्यात नाव 18 ते 40 वयातच घालता येते. आमचे वय टळले; लेकीसुनांचे टळू देऊ नका.

राहिले रोजचे दुखणे. त्यासाठी भिशीखेरीज दरमहा प्रत्येकीने 20 रुपये वेगळे टाकावेत आणि आजारी सभासदाला त्यातून द्यावे, असे मी सुचवते. किती द्यायचे, किती दिवस, डॉक्टरची चिठ्ठी हवी की शेजारणीचा शब्द पुरे, यावर भांडण होणारच. ते आधीच होऊन जाऊ दे. कार्यवाहबाईंनी नवी वही आखून ठेवली आहे. चहा झाला की नावे सांगा.