शेवटचा बर्थ कुणाचा?

गणपतीतल्या कोकणगाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी आठला खुलं होतं आणि पाहता पाहता प्रतीक्षायादी लागते. समजा, शेवटचा एकच बर्थ उरला आहे. पनवेलच्या खिडकीवर एकजण तो मागतो आहे आणि त्याच क्षणी दुसरा घरबसल्या इंटरनेटवरून. ही दुसरी सोय २००२ मध्ये सुरू झाली. आता बर्थ मिळणार कुणाला?

अशा कामासाठी असलेला सर्व्हर एकाच वेळी हजारो ग्राहकांशी बोलत असतो. प्रत्येक जोडणीच्या टोकाला 'सॉकेट' म्हणतात. सर्व्हर एका ग्राहकासाठी खोळंबून राहत नाही. ज्या सॉकेटवर निरोप येईल, तिथलं काम उरकून तो पुढे वळतो. चहाला उकळी येईपर्यंत टपरीवाला दुसऱ्याचे सुटे पैसे देतो, तसंच हे.

गोम इथेच आहे. पहिल्यासाठी 'बर्थ रिकामा' असं पाहून सर्व्हरनं बँकेला विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तो दुसऱ्याकडे वळला. दुसऱ्यालाही बर्थ रिकामाच दिसला. पैसे दोघांचे कापले गेले, बर्थ मात्र एकच! कोणतं काम आधी उरकलं यावर निकाल चुकावा, या दोषाला 'रेस कंडिशन' म्हणतात. चाचणीत तो बहुधा लपून राहतो आणि गर्दीत डोकं वर काढतो.

रेल्वेनं असाच प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सोडवला होता. एकेरी मार्गावर चालकाच्या हाती टोकन आल्याखेरीज गाडी पुढे जात नसे आणि त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात संगणकासाठी असं साधन सुचवलं. त्याचं 'सेमाफोर' हे नाव रेल्वेच्या सिग्नलचंच!

सर्व्हरमध्येही बर्थ पाहणं आणि तो राखून ठेवणं ही एकच अखंड कृती हवी. बँकेला विचारायचं ते त्यानंतर.

पण तेवढ्यानं भागत नाही. ग्राहक मध्येच निघून गेला, तर त्याचं सॉकेट बंद होतं आणि तोच क्रमांक नव्या ग्राहकाच्या जोडणीला मिळू शकतो. मग बँकेचं उशिरा आलेलं उत्तर भलत्याच्याच पदरात! म्हणून प्रत्येक मागणीला पुन्हा न वापरला जाणारा स्वतंत्र क्रमांक द्यावा. उत्तर आलं, की बर्थ अजून त्याच मागणीच्या नावे राखीव आहे ना, हे पुन्हा तपासावं. नसेल, तर पैसे परत करावेत.

वेगवान यंत्र आणल्यानं हा दोष जात नाही. गाडी कितीही वेगाची असो, टोकनाची शिस्त तिलाही पाळावीच लागते.