एका चालीचा न्याय



अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल संघ आणि त्यांचे चाहते हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तथापि खेळापेक्षाही पराभवानंतर होणाऱ्या वादाविषयी मला अधिक सांगावयाचे आहे. सामना हरला की चाहते एकत्र जमतात आणि प्रशिक्षकाने अमुक क्षणी अमुकच चाल का निवडली, दुसरी का निवडली नाही, याचा काथ्याकूट करू लागतात. अशा माणसाला तेथे एक उपहासाचे नाव आहे : 'सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक'. सामना आठवड्याच्या अखेरीस व्हावा आणि शहाणपण सोमवारी सुचावे, असा त्याचा आशय. बैल गेला आणि झोपा केला, असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. परंतु हा वाद सर्वस्वी निरर्थक असतो काय? मला तसे वाटत नाही. मात्र तो सार्थ होण्यासाठी काही गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. त्या कोणत्या, हे एका प्रसिद्ध पराभवाच्या आधारे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम खेळाची रीत समजून घेऊ. कोलकात्यात, गोव्यात किंवा केरळात खेळला जातो त्या फुटबॉलमध्ये चेंडू अखंड वाहता असतो; प्रशिक्षक बाजूला उभा राहून ओरडू शकतो, पण प्रत्येक पाऊल ठरवू शकत नाही. अमेरिकन फुटबॉलची घडण निराळी आहे. तेथे चेंडू बाळगणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. खेळाडू घोळका करून उभे राहतात, प्रशिक्षकाकडून पुढची चाल येते, क्वार्टरबॅक नावाचा मुख्य खेळाडू ती सर्वांना सांगतो आणि मग अकरा जण ठरल्याप्रमाणे हलतात. 'चाल' हा शब्द मी बुद्धिबळावरून घेतला आहे आणि तो येथे चांगला बसतो. प्रत्येक चाल हा एक स्वतंत्र, आधी ठरवलेला निर्णय असतो. म्हणूनच तिच्याविषयी स्वतंत्रपणे जाबही विचारता येतो. खेळाच्या या घडणीतच चाहत्यांच्या वादाचे मूळ आहे.

गुणांची व्यवस्थाही थोडक्यात सांगतो. चेंडू प्रतिपक्षाच्या अखेरच्या पट्टीत नेला की टचडाउन होतो व सहा गुण मिळतात. त्यानंतर एक जादा संधी असते. चेंडू लाथेने खांबांमधून मारला तर एक गुण मिळतो, आणि ही गोष्ट जवळजवळ हमखास साधते. किंवा तीन यार्डांवरून चेंडू पुन्हा एकदा पट्टीत न्यावयाचा. तसे साधल्यास दोन गुण. हा दोन गुणांचा नियम विद्यापीठीय खेळात १९५८ साली आला. तो प्रयत्न निम्म्याहून कमी वेळा यशस्वी होतो. हमखास एक की अनिश्चित दोन, हा प्रश्न त्या वर्षापासून प्रशिक्षकांच्या मानेवर बसला आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे येऊ. नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीप्रधान राज्य. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. त्यामुळे लिंकन येथील राज्य विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ ठरला. तेथील मेमोरियल स्टेडियममधील सामन्यांची सर्व तिकिटे १९६२ पासून सातत्याने विकली जात आली आहेत. सामन्याच्या दिवशी ते मैदान राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर बनते, असे तेथील लोक कौतुकाने सांगतात, आणि हिशेबाने ते खरे आहे. अशा ठिकाणी पराभव ही केवळ करमणुकीतील निराशा राहत नाही. जगाच्या दृष्टीने आडबाजूला असलेल्या एका प्रदेशाची प्रतिष्ठा त्या अकरा तरुणांच्या हाती सोपवलेली असते.

१९८३च्या हंगामात हा संघ अजिंक्य होता. बारा सामन्यांत बारा विजय आणि ६२४ गुण, म्हणजे सामन्यामागे सरासरी ५२. क्वार्टरबॅक टर्नर गिल, धावपटू माइक रोझियर आणि चेंडू झेलणारा आयर्व्हिंग फ्रायर हे तिघे त्या आक्रमणाचे आधारस्तंभ होते. रोझियरला त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मिळाली. प्रशिक्षक होते टॉम ऑस्बोर्न. शैक्षणिक मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले हे मितभाषी गृहस्थ १९७३ पासून संघ सांभाळत होते; परंतु तोवर त्यांच्या नावावर एकही राष्ट्रीय अजिंक्यपद नव्हते. 'मोठा सामना यांच्याने जिंकवत नाही,' हा आक्षेप त्यांनी वर्षानुवर्षे ऐकला होता.

२ जानेवारी १९८४ रोजी मायामीत, ऑरेंज बोलच्या सामन्यात, नेब्रास्काची गाठ मायामी विद्यापीठाशी पडली. मैदान मायामीचे स्वतःचे होते. पहिल्याच टप्प्यात मायामीने १७–० अशी आघाडी घेतली. नेब्रास्काने बरोबरी साधली. मायामी पुन्हा ३१–१७ असे पुढे गेले. मधल्या काळात रोझियर जखमी होऊन बाहेर बसला आणि त्याच्या जागी जेफ स्मिथ आला. नेब्रास्काने ३१–२४ पर्यंत मजल मारली. शेवटच्या चढाईत फ्रायरच्या हातून पट्टीतला एक सोपा झेल सुटला. चौथा व अखेरचा प्रयत्न उरला होता, आठ यार्डांची आवश्यकता होती. तेव्हा स्मिथने चोवीस यार्ड धावून टचडाउन केला. गुणफलक ३१–३०, आणि वेळ उरला ४८ सेकंद.

त्या काळी विद्यापीठीय सामन्यांत जादा वेळ नव्हता. लाथेने एक गुण घेतला असता तर सामना ३१–३१ असा बरोबरीत सुटण्याचीच शक्यता अधिक होती. आणि राष्ट्रीय अजिंक्यपद तेव्हा मतदानाने ठरत असे; एकीकडे क्रीडा-पत्रकार मत देत, दुसरीकडे प्रशिक्षक. दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सास संघ त्याच दिवशी जॉर्जियाकडून १०–९ असा हरला होता. तेव्हा बरोबरी झाली असती तरी अपराजित नेब्रास्कालाच पहिला क्रमांक मिळाला असता, असे बहुतेक जाणकारांचे मत आहे. ऑस्बोर्न यांनी एक गुण घेतला नाही. ते दोन गुणांसाठी गेले. गिल उजवीकडे धावला, त्याने स्मिथकडे चेंडू फेकला, मायामीच्या केनी कॅल्हूनची बोटे चेंडूला लागली आणि चेंडू जमिनीवर पडला. मायामी ३१, नेब्रास्का ३०. अजिंक्यपद मायामीला मिळाले.

तेव्हापासून चाललेल्या वादात वस्तुतः दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. दोन गुणांसाठी जावे की नाही, हा पहिला. जावयाचे ठरल्यावर कोणती चाल निवडावी, हा दुसरा. पहिला प्रश्न साध्याचा आहे, दुसरा साधनाचा. बऱ्याच वादांत माणसे एकाचे उत्तर दुसऱ्यासाठी देतात आणि म्हणून वाद संपत नाही.

साधनाचा प्रश्न आधी घेऊ. नेब्रास्काचे आक्रमण मुख्यतः धावण्यावर उभे होते. क्वार्टरबॅकने फळीच्या कडेने धावत जावे आणि चेंडू स्वतःकडे ठेवायचा की सोबत्याकडे टाकायचा, हे अगदी अखेरच्या क्षणी ठरवावे, ही त्यांची हातखंडा चाल. मग तीन यार्डांसाठी चेंडू फेकावयाचे कारण काय? आक्षेप बिनतोड वाटतो. पण उलट बाजूही तितकीच सबळ आहे. जी चाल साऱ्या देशाला ठाऊक, तिची वाट मायामीचे रक्षकही पाहत असणार. रोझियर मैदानात नव्हता. आणि कॅल्हूनची बोटे चेंडूपर्यंत पोहोचली नसती, तर हीच चाल दूरदृष्टीची ठरली असती. हा वाद जाणकारीचा आहे. त्यात माणूस खेळाविषयी काही शिकतो, आणि तो रंगला तर कोणाचे नुकसान होत नाही.

येथे त्याच रात्रीची दुसरी एक चाल आठवणे उपयुक्त ठरेल. १७–० असे मागे असताना ऑस्बोर्न यांनी एक विलक्षण युक्ती वापरली. क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला, सारे खेळाडू एका दिशेला धावले आणि फळीतील डीन स्टाइनकूलर या धिप्पाड खेळाडूने तो उचलून विरुद्ध दिशेने एकोणीस यार्डांवर टचडाउन केला. ही चाल आजही कौतुकाने सांगितली जाते. ती फसली असती तर? अजिंक्यपदाच्या सामन्यात चेंडू जमिनीवर ठेवणारा प्रशिक्षक वेडा ठरला असता. एकाच माणसाचे, एकाच रात्रीचे दोन साहसी निर्णय. एकाला चातुर्य म्हणायचे आणि दुसऱ्याला अविचार, याला आधार केवळ परिणामाचा. परिणाम निर्णयानंतर येतो. निर्णयाच्या क्षणी जे ठाऊक नव्हते, त्याच्या आधारे निर्णयाचा न्याय करणे ही न्यायाची रीत नव्हे. आपल्याकडील क्रिकेटच्या चर्चाही याच जागी घसरतात, हे आपण सर्व जाणतोच.

आता साध्याचा प्रश्न. त्यासाठी सतरा वर्षे मागे जावे लागेल. १९ नोव्हेंबर १९६६ रोजी ईस्ट लान्सिंग येथे पहिल्या क्रमांकाचा नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट यांचा सामना झाला. अखेरच्या मिनिटाला गुण १०–१० असे समान होते आणि चेंडू नोत्र दामकडे होता. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर गेला होता. चेंडू फेकण्याचा धोका न पत्करता त्यांनी साध्या धावांवर वेळ संपवला आणि बरोबरी स्वीकारली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या संघाने सदर्न कॅलिफोर्नियाला ५१–० असे हरवले आणि मतदानात पहिला क्रमांकही मिळवला. म्हणजे हिशेब अचूक ठरला. तरीही बरोबरीसाठी खेळल्याचा ठपका पार्सेगियन यांना आयुष्यभर चिकटून राहिला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. एकाने बरोबरी घेतली. त्याला अजिंक्यपद मिळाले आणि निंदाही मिळाली. दुसऱ्याने बरोबरी नाकारली. अजिंक्यपद गमावले, पण आदर मिळवला. परिणाम हीच एकमेव कसोटी असती तर असे घडले नसते. चाहते परिणामावर बोलत असतात खरे, परंतु त्यांच्या मनाच्या तळाशी आणखी एक कसोटी असते. हा खेळ आपण कशासाठी खेळतो, ही ती कसोटी. ऑस्बोर्न यांची भूमिका अशी होती की आपण आणि आपले खेळाडू जिंकण्यासाठी आलो आहोत; बरोबरीच्या आधाराने मिळणारे पद त्यांना समाधान देणार नाही. या भूमिकेशी मतभेद होऊ शकतो. पदासाठी वर्षभर घाम गाळलेल्या मुलांच्या वतीने असा निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या प्रशिक्षकाला आहे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. मात्र त्याला उत्तर देताना चेंडू झेलला गेला की नाही, याचा काहीही संबंध येत नाही.

पुढील इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १ जानेवारी १९९५ रोजी त्याच मैदानावर, त्याच मायामीविरुद्ध, नेब्रास्काने २४–१७ असा विजय मिळवला आणि ऑस्बोर्न यांना १९९४च्या हंगामाचे अजिंक्यपद लाभले. १९९५ आणि १९९७ अशी आणखी दोन पदे मिळवून ते निवृत्त झाले. तेव्हा अनेकांनी म्हटले की १९८४चा निर्णय अखेर योग्यच ठरला. भावना समजण्यासारखी आहे. पण हाही पुन्हा परिणामावरून केलेला न्यायच होय. ती पदे मिळाली नसती तरी त्या रात्रीचा निर्णय होता तसाच राहिला असता.

१९९६च्या हंगामापासून जादा वेळाचा नियम आला आणि बरोबरीच नाहीशी झाली. २०१४ पासून अजिंक्यपद मैदानावरील बाद फेरीने ठरू लागले. २०२४ पासून त्या फेरीत बारा संघ असतात. कोणत्या स्थितीत एक गुण घ्यावा, कोणत्या स्थितीत दोन, याची गणिती कोष्टके आज प्रशिक्षकांच्या हाती असतात. तरीही वाद थांबलेला नाही. एखादी चाल शंभरात किती वेळा साधेल, हे कोष्टक सांगू शकते. ती कशासाठी करावयाची, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. प्रशिक्षक हा वेतन घेणारा अनुभवी माणूस असतो. त्याला जाब विचारणे गैर नाही. पण मैदानातील खेळाडू हे विशी-बाविशीतील विद्यार्थी असतात. १९८४ साली त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. विद्यापीठांनी त्यांना थेट मोबदला देण्याची मुभा २०२५ मध्ये आली. जेफ स्मिथने चोवीस यार्ड धावून आपल्या संघाला एका गुणाच्या अंतरावर आणले, आणि पुढच्याच चालीत चेंडू त्याच्याचकडे येता येता पडला. ज्याच्यामुळे वाद करण्याजोगा क्षण निर्माण झाला, तोच त्या पराभवाचा चेहरा ठरावा, हा अन्याय आहे. चाहत्यांचा वाद जेव्हा चालीकडून माणसाकडे वळतो, निर्णयाची चिकित्सा सोडून मुलाच्या हातांना दोष देऊ लागतो, तेव्हा त्यातील ज्ञान संपते आणि क्रौर्य तेवढे उरते.

म्हणून, मित्रहो, पराभवानंतर वाद अवश्य करावा. तो करताना चाल बरोबर होती काय हा एक प्रश्न, साध्य योग्य होते काय हा दुसरा, आणि नशिबाने काय दिले ही तिसरी गोष्ट, हे विसरू नये. तिसरीचा निकाल गुणफलकावर लागलेला असतो. पहिल्या दोहोंचा विचार करणे मात्र चाहत्यांच्या हाती उरते, आणि तो शांतपणे केला तर पराभवातूनही खेळाची समज वाढते.