जगाबद्दल बोलण्याआधी



मी सोलापुरात राज्यशास्त्र शिकवतो. एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. म्हणाला, "सर, पॅलेस्टाईनवर बोललं की लोक विचारतात, तुला इथलं काही दिसत नाही का? गप्प बसलं तर आपलेच म्हणतात, तुला काही वाटत नाही का?"

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांचा आहे. त्याला मी एका संस्थेविषयी सांगितलं, तेच आज सांगतो.

१९४३ साली, देश पारतंत्र्यात असताना, दिल्लीत 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' स्थापन झाली. तेजबहादूर सप्रू आणि हृदयनाथ कुंझरू हे तिचे आधारस्तंभ. तेव्हा आपलं परराष्ट्र धोरण इंग्रज ठरवत होते. तरीही या मंडळींनी जगाचा अभ्यास सुरू केला. १९४५ पासून 'इंडिया क्वार्टर्ली' हे त्रैमासिक काढलं. शिस्त अशी, की संस्था स्वतःचं मत मांडणार नाही. अभ्यासकानं आपल्या नावानं लिहायचं आणि त्याची जबाबदारी घ्यायची.

मार्च-एप्रिल १९४७ मध्ये याच संस्थेनं पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरवली. पॅलेस्टाईनमधलं ज्यू शिष्टमंडळ आलं होतं, अरब निरीक्षकही आले होते. बाहेर पंजाब पेटलेला होता. 'आधी घरचं बघा' म्हणून परिषद थांबली नाही. घर आणि जग यांतून एकच निवडावं लागत नाही.

"पण सर, ते दिल्लीचं झालं," तो म्हणाला. मी विचारलं, डॉ. द्वारकानाथ कोटणीस कुठले? आपल्या सोलापूरचेच ना? १९३८ साली वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची कहाणी पुस्तकातून देशाला सांगितली ख्वाजा अहमद अब्बास यांनी.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पाचजण एकत्र या. महिन्याला एक देश घ्या. त्याचा इतिहास, त्याचे करार, दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचा. मग एक पान लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला. फॉरवर्डखाली कुणाचं नाव नसतं, म्हणून त्याचा जाबही कुणी देत नाही.

आपल्याकडे निष्ठेचा पुरावा मागणाऱ्यांना आपण पुरावा देऊ नये. आपला अभ्यास मात्र जरूर दाखवावा.