गुरुजींची शुगर, मॅडमचे गुडघे



१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा आहे : हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. सकाळी साडेनऊच्या सुमारास यातल्या कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहिले, तर गावाकडे निघालेल्या मोटारसायकलींवर शिक्षक मोठ्या संख्येने दिसतात. मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड शहरात आणि नोकरी खेड्यातल्या शाळेवर, म्हणून रोजचे अप-डाऊन. शाळेत पोचल्यावर परिपाठ, मग दिवसभर फळ्यासमोर उभे राहणे, पहिली-दुसरीचा वर्ग असेल तर मुलांबरोबर सतरंजीवर बसणे-उठणे. मधल्या सुट्टीत खिचडीचे वाटप पाहायचे. मध्येच ऑनलाइन माहिती भरायची, मतदार याद्यांचे काम आले तर तेही करायचे. आणि संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांत अशा दिनक्रमात दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. एक शुगरची, दुसरी सांध्यांची. शुगरसाठी फिजिशियन, गुडघ्यांसाठी हाडांचे डॉक्टर. दोघांच्या फायली वेगळ्या, गोळ्यांचे डबेही वेगळे. आजचे सांगणे एवढ्याचसाठी आहे की हे दोन आजार वेगळे ठेवून चालत नाहीत. शरीरात ते एकमेकांना धरून असतात आणि एकाचा उपचार दुसऱ्याला बिघडवू शकतो.

आधी मधुमेहाचा आवाका पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा आजार शहरापुरता राहिलेला नाही. शिवाय तो आपल्याकडे अंगाने सडपातळ दिसणाऱ्यांनाही गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे कारण अनेक वर्षे शोधले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र एकत्र छापून आले. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही तंतोतंत सारखे, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी वेगळी असू शकतात. म्हणून 'मी कुठे जाड आहे, मला कशाला शुगर होईल' हा भरवसा मराठी माणसाने ठेवू नये. कमरेचा घेर मोजावा आणि तिशीनंतर रक्त तपासावे.

आता सांध्यांकडे येऊ. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. सांध्याभोवतीचे स्नायुबंध आणि आवरणे ज्या कोलॅजेनची बनलेली असतात, तेही यातून सुटत नाही. ते ताठर होते, लवचिकता जाते. याचा फटका अनेकदा खांद्याला बसतो. ज्याला डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात, तो आखडलेला खांदा सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना होतो. मधुमेह असलेल्यांत हेच प्रमाण दहा ते वीसपर्यंत जाते. शिक्षकाच्या बाबतीत हे लवकर ध्यानात येते. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात जात नाही, मग लिखाण हळूहळू फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात उतरते. मॅडमना वेणी घालता येत नाही, सरांना शर्टाची बाही चढवताना कळ येते. पुष्कळ जण याला फळ्यावर लिहून आलेला थकवा समजतात आणि बाम चोळत राहतात.

हातांचेही तसेच. बोटे आखडतात, सकाळी मूठ नीट वळत नाही, एखादे बोट वाकलेल्या स्थितीत अडकते आणि खटकन सुटते. तपासणी घरच्या घरी होते. नमस्कारासाठी हात जोडावेत आणि दोन्ही तळवे, दहाही बोटे एकमेकांना पूर्ण टेकतात का ते पाहावे. मध्ये फट राहत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

गुडघ्यांचे गणित वजनाशी आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या, गुडघे झिजलेल्या वयस्क लोकांची चाल मोजली गेली. वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे त्यातून दिसले. वजन उतरल्याने साखरही आटोक्यात येते. एकाच मेहनतीत दोन्ही आजारांवर उपाय होतो. अडचण अशी, की गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद होते, चालणे बंद झाले की साखर आणि वजन वाढते, आणि वाढलेल्या वजनाने गुडघा अधिकच दुखतो.

इथे एक पळवाट समोर येते, आणि ती सर्वांत धोक्याची आहे. ती म्हणजे मेडिकलवरून आणलेली वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटातल्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडतात. पण शिकवायला उभे राहता यावे म्हणून महिनोन्‌महिने त्या घेतल्या, तर मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहाने मूत्रपिंड आधीच नाजूक झालेले असू शकते, आणि ते दुखत नाही, त्यामुळे बिघाड कळत नाही. दुसरा धोका स्टेरॉइडचा. आखडलेल्या खांद्यात किंवा गुडघ्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन गुणकारी ठरू शकते, पण त्यानंतर काही दिवस साखर चढते. ते घेण्याआधी शुगर आहे हे सांगितलेच पाहिजे. तिसरा धोका कागदाच्या पुडीतून येतो. 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झाले आहेत. अशा पुडीने दोन दिवसांत आराम पडतो आणि साखर मात्र कारण न कळता वाढत जाते.

उलट बाजूही आहे. मधुमेहाच्या काही औषधांचा सांध्यांशी आणि नसांशी संबंध येतो. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन अशा ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांमुळे काही थोड्या रुग्णांना तीव्र सांधेदुखी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१५ साली दिला. मेटफॉर्मिन हे मधुमेहातले जुने आणि भरवशाचे औषध, पण ते बराच काळ घेतल्यावर शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारी माणसात ते अनेकदा आधीच कमी असते. मग पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि सगळे खापर शुगरवर किंवा मणक्यावर फोडले जाते. यातली कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. दुखणे गोळी सुरू झाल्यानंतरचे आहे का, बी-१२ तपासायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. म्हणूनच दोन्ही डॉक्टरांकडे जाताना फाइल एकच असावी आणि सगळ्या गोळ्यांची यादी तिच्या पहिल्या पानावर असावी.

हिंगोलीत सांधेदुखीची गोष्ट हळदीवाचून पूर्ण होत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन केंद्रही उभे राहिले. हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभर काम चालू आहे. थायलंडमधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हळदीचा अर्क रोज दीड ग्रॅम दिला, तेव्हा गुडघेदुखीवर त्याचा परिणाम आयबुप्रोफेनच्या तोडीचा दिसला. पण तो अर्क होता. घरच्या हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्केच असते. तेवढे मिळवायला रोज तीस-चाळीस ग्रॅम हळद खावी लागेल. भाजीतली हळद चांगलीच आहे, पण ती औषधाच्या जागी बसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी तर अर्काच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मराठवाड्यातल्या एका शिक्षकाने आहार आणि मधुमेह या विषयावर राज्यभर चर्चा घडवली, त्यांचा उल्लेख करायलाच हवा. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून त्यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत आधी स्वतःवर आजमावली आणि मग गावोगाव व्याख्यानांतून मांडली. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वेळच्या वेळी खाण्याचा आग्रह धरत होत्या. 'दीक्षित की दिवेकर' हा वाद मधल्या सुट्टीत कितीतरी शाळांत रंगला. वजन उतरवून मधुमेह माघारी जाऊ शकतो, याला भक्कम पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या ३०६ रुग्णांच्या एका चाचणीत वजन कमी करण्याचा कडक कार्यक्रम पाळणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षभराने गोळीशिवाय आटोक्यात होती. या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना जेवणे परस्पर कमी केली, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. आधी औषधाचे प्रमाण बदलून घ्यावे, मग ताटाचे.

हाच नियम एकादशीला. संत नामदेवांच्या नरसीच्या या जिल्ह्यात एकादशीचा उपवास घरोघरी असतो. दिवसभर पोटात काही नाही आणि गोळी मात्र घेतली, म्हणजे साखर उतरते. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, म्हणजे ती उसळते. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मोटारसायकलवर असताना असे झाले तर जिवाशी खेळ. अशा वेळी गाडी लगेच बाजूला घ्यावी, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज खावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. खिशात ग्लुकोजची पुडी असावी आणि शाळेतल्या निदान एका सहकाऱ्याला आपल्याला शुगर आहे हे माहीत असावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

शाळेच्या दिवसात करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण नेमाने केल्या तर पुरतात. डब्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर वरण आणि पालेभाजी भरपूर घ्यावी, भाकरी मोजून खावी. ज्वारीनेही साखर वाढतेच. स्टाफरूममधला चहा बिनसाखरेचा करावा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला आठ चमचे साखर होते. जेवणानंतर मैदानाला दहा-पंधरा मिनिटे फेऱ्या माराव्यात. मोकळ्या तासाला खुर्चीवर बसून एक एक पाय समोर ताठ करावा, पाच-दहा सेकंद धरावा, खाली सोडावा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. खांदा दुखतो म्हणून हात बांधून ठेवू नये, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम चालू ठेवावेत. अनवाणी फिरू नये, आणि रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण बधिर पायाला खडा रुतलेला कळत नाही. पाऊल लाल, गरम होऊन सुजले आणि तरीही फारसे दुखत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधुमेहात पावलाचे सांधे अशा रीतीने आतून ढासळू शकतात.

शिक्षिकांची एक अडचण मोकळेपणाने बोलली जात नाही. शाळेत स्वच्छतागृह धड नसेल, तर त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. साखर वाढलेल्या शरीराला पाणी जास्त लागते. पाणी न प्यायल्याने लघवीचे संसर्ग होतात आणि साखर आणखी बिघडते. हा प्रश्न गोळीने सुटणारा नाही, तो शाळेच्या इमारतीचा आहे.

तपासणीची सोय आता दूर राहिलेली नाही. तिशीवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रावर व प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासला जातो. हिंगोलीत जिल्हा रुग्णालय आहे, आणि २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी बहुतेकांची सातच्या खाली असावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने, क्रिएटिनिन आणि पावले, एवढे तपासून घ्यावे. उन्हाळी सुट्टी लागली की पहिला आठवडा यासाठीच ठेवावा.

शेवटी दोन विनंत्या. मुख्याध्यापकांनी प्रत्येक वर्गात फळ्याजवळ एक उंच स्टूल ठेवावे आणि मधुमेही सहकाऱ्याची जेवणाची वेळ कोणत्याही बैठकीसाठी मोडू नये. आणि हे ऐकणाऱ्या प्रत्येक गुरुजींनी, प्रत्येक मॅडमनी आज रात्री गोळ्यांचे दोन्ही डबे समोर घ्यावेत, सगळी नावे एका कागदावर उतरावीत आणि पुढच्या भेटीत तो कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवावा.