मागच्या बाकावरचे मूल



वर्गात एखादे मूल तोंड उघडे टाकून बसलेले असते. हाक मारली तरी चटकन ओ देत नाही, दुपारी पेंगते. आपण त्याला ‘मठ्ठ’ ठरवून मोकळे होतो. मी वैद्यकाचा जाणकार नव्हे; परंतु कामानिमित्त डॉक्टरांकडून जे समजून घेतले, त्यानंतर हा शब्द माझ्या तोंडून सहजी निघत नाही.

नाकाच्या पाठीमागे, पडजिभेच्या वर, ॲडेनॉइड नावाची मांसल ग्रंथी असते. टॉन्सिल तोंड उघडताच दिसतात. ही दिसत नाही, आणि तिथेच घात होतो. साधारणतः ३ ते ७ वर्षांच्या वयात ती सर्वांत मोठी असते, पुढे आपोआप आक्रसते. मात्र ती फार वाढली, तर नाकाची वाट अडते. मूल घोरते, झोपेत मध्येच श्वास अडून दचकते. (आपल्याकडे घोरणाऱ्या मुलाचे ‘किती गाढ झोपलंय’ म्हणून कौतुक होते!) याच ग्रंथीमुळे कानाकडे जाणारी बारीक नळी तुंबली की पडद्यामागे पाणी साठते व ऐकू कमी येते. कान ठणकत नाही, वाहत नाही. मग घरच्यांना कळावे कसे? शिक्षक फळ्याकडे वळून बोलू लागले की ते मूल मागे पडते, एवढीच काय ती खूण.

टॉन्सिलची गोष्ट वेगळी. घशातील विशिष्ट जंतूंवर अपुरे उपचार झाल्यास संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. म्हणून ताप उतरताच औषध थांबवू नये. सुजलेला प्रत्येक टॉन्सिल कापावा लागतो, हाही गैरसमजच. वर्षात सातएक वेळा घसा धरला, किंवा झोपेत श्वास अडू लागला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करतात. परंतु पथकातील डॉक्टर मुलाला पाहतात ते दिवसा, काही मिनिटे; त्याचे रात्रीचे घोरणे त्यांच्या कानी कसे पडावे? तेव्हा पथक येण्यापूर्वी पालकांना विचारून अशा मुलांची नावे लिहून ठेवावीत आणि तोवर त्यांना पुढच्या बाकावर बसवावे.